मास्तरांचा इंग्रजी शब्द

"...म्हणजे नेमकं काय, मास्तर?"

भैरवपुरी महाराजांनी धुनीतलं लाकूड आत सरकवलं. वर पाहिलंच नाही.

प्राध्यापक देवस्थळी चपापले. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाल्यावर संन्यासाचा ध्यास घेऊन या मठाच्या चकरा मारल्या, आणि आज दीक्षा हातातोंडाशी आली तर म्हातारा एका शब्दावर अडून बसला. याला खरंच इंग्रजी येत नाही, की येतंय आणि वेड पांघरलंय?

महाराजांनी विचारलं होतं ते साधंच. या मठात लग्न झालेल्या माणसाला भगवं वस्त्र त्याची बायको स्वतःच्या हातानं देते. तिनं नाही दिलं, तर दीक्षा नाही. तेव्हा बाईंचं काय?

त्यावर देवस्थळी बोलून गेले होते, "तिचं काय एवढं? ती मॅनेजेबल आहे."

आता त्यांना वर्गातला आवाज लावावा लागला. "मॅनेजेबल म्हणजे आवाक्यातलं. एकट्याला उचलवेल असं ओझं. गोळीनं ताब्यात राहणारा रक्तदाब. विंचरले की बसणारे केस."

"आणि माणूस?"

"...समजावलं की ऐकणारं."

"मग समजावलंत?"

देवस्थळींनी अंगणाकडे पाहिलं. मालतीबाई पारावर बसून मठातल्या बायकांबरोबर शेंगा सोलत होत्या. मघाशी महाराज त्यांच्याशी काहीतरी बोलले होते आणि त्या हसल्या होत्या. का हसल्या? दोघांचं आधीच काही ठरलंय का? बायकोच्या साध्या हसण्यातही कट दिसायला लागला म्हणजे झालंच.

"तिला वाटतंय, आम्ही नुसतं दर्शनाला आलोय."

"सांगितलं नाहीत?"

"रडली असती, महाराज."

"रडू द्यायचं."

"ती रडली की मला..."

महाराज उठले, आतून घडीचं भगवं वस्त्र आणलं, अंगणात गेले आणि ते मालतीबाईंच्या हातात ठेवलं.

"माई, मास्तरांना तुमच्याकडे काही मागायचंय."

मालतीबाईंनी वस्त्राकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्यांच्या मांडीवरच्या शेंगा खाली घरंगळल्या, त्या काही त्यांनी उचलल्या नाहीत.

"अहो, काय हवंय तुम्हाला?"

आवाज अगदी रोजचा होता. चहा हवाय का विचारावं, तसा.

देवस्थळींनी वाटेत मनाशी घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. भरलेले वर्ग गप्प बसवणारा हा माणूस, आज त्याच्याच तोंडून शब्द फुटेना. भीती वाटली त्यांना, सरळसरळ भीती.

"काही नाही गं... उन्हं उतरायला लागलीत. निघायचं का?"

मालतीबाईंनी वस्त्र मांडीवर ठेवलं.

महाराज पायरीवर टेकले.

"अर्थ सांगितलात, मास्तर. आता वाक्यात उपयोग करा."