तीन वर्षांची खंडेनवमी

आमच्या तालुक्याच्या आयटीआयला सरकारी निधीतून कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन आलं, त्याला तीन वर्षं झाली. मागोमाग वरून आदेश आला की मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत कुणी हात लावू नये. उद्घाटनाची तारीख काही ठरेना. पोरं जुन्या खटाऱ्यावरच शिकली आणि परीक्षा देऊन निघून गेली.

परवा तो आदेश काढणारे मोठे साहेब स्वतःच तपासणीला आले. पाहतात तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ! साहेब भडकले. "लोहकरे, हे मशीन आहे की म्हसोबा? भर वैशाखात कसली पूजा मांडलीय?"

लेथ शिकवणारे लोहकरे सर हात जोडून म्हणाले, "खंडेनवमीची, साहेब. त्या दिवशी अवजाराला हार घालायचा, नमस्कार करायचा, पण काम करायचं नाही. तुमच्या आदेशानं इथं तीन वर्षं रोज खंडेनवमीच आहे. आता दसरा कधी, तेवढं सांगा."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच्या हातानं प्लॅस्टिक फाडलं आणि मशीन सुरू करायला लावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी म्हणालो, "सर, काय उत्तर दिलंत!"

सर हसले नाहीत. "मशीन आलं त्या वर्षीच्या तुकडीतली सुलक्षणा आठवते? प्लॅस्टिकवरून बोटं फिरवत आतली बटणं मोजायची. आता बिस्किटांचे पुडे भरते. जीभ माझ्या तोंडात तेव्हाही होती."