शांत केलेला दिवा

वस्तू बोलायच्या आणि माणसं ऐकत नसत, त्या काळची ही गोष्ट.

दामूअण्णांनी माजघरात छताला नवा दिवा स्वतःच लावला. “वायर ती वायर,” म्हणत त्यांनी वीज आणणारी फेजची वायर थेट दिव्याला जोडली आणि बटण बसवलं परतीच्या न्यूट्रलवर. दिवा लागला, बंदही झाला. अण्णा खूश.

त्या घरात ‘दिवा विझव’ म्हणत नसत, ‘दिवा शांत कर’ म्हणत. ते ऐकून भिंतीवरचं बटण फुगलं. “माझ्या एका खटक्यात हा शांत होतो!”

“शांत?” दिवा कडाडला. “अरे बटणा, वीज माझ्या अंगात तशीच भरलेली आहे. तू फक्त तिची परतीची वाट अडवतोस. मी गप्प असतो, शांत नसतो!”

“अंधार झाला ना? मग बास.”

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या बायकोने, मथुराकाकूंनी, बटण बंद केलं आणि स्टुलावर चढून ओल्या फडक्याने दिवा पुसायला घेतला. “हात लावू नका!” दिवा ओरडला. कोण ऐकतंय? होल्डरला बोट लागलं आणि शॉक बसून काकू खाली कोसळल्या.

अण्णा धावत आले. “मारलं असतंत मला!” काकू ओरडल्या.

“बटण तर बंद होतं. उगाच कांगावा नको. शांत हो बघू.”

काकू एकदम गप्प झाल्या. त्यांना उठवायला अण्णांनी हात पुढे केला.

“पाहिलंस?” बटण म्हणालं. “झाल्या शांत.”

“मग लावू दे अण्णांना हात,” दिवा म्हणाला.