थेमाचे अळणी पान

थेमा गावात पाहुण्याला पहिले वाढप अळणी असते. डुकराचे मांस, बांबूचे कोवळे कोंब, चिकट भात, सगळे उत्तम शिजलेले, पण मिठाचा कण नाही. मीठ असते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हाताशी, केळीच्या पानात गुंडाळलेले, आणि ते आपणहून कुणी पुढे करत नाही. नागा डोंगरांत इतक्या आत आलेला पाहुणा भिडेखातर दोन घास गिळतो आणि मग विचारतोच. विचारले की गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या लुंगथिम आजोबांची कळी खुलते. मीठ मागितल्याशिवाय ही गोष्ट सांगायची नाही, असा रिवाज आहे.

थेमाचे लोक रिमखो. मोठमोठ्या नागा जमातींपुढे अगदी मूठभर. गावाच्या खालच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा झरा आहे. ते पाणी उकळून मिठाच्या वड्या पाडणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पण पूर्वी मीठ पाडणाऱ्यांच्याच घरात मीठ नसे म्हणे. बाजाराची वाट तेरुक नावाच्या बलाढ्य जमातीच्या गावातून जायची आणि वाट दिल्याबद्दल तेरुक बहुतेक सगळ्या वड्या ठेवून घ्यायचे. रिमखो बायका मग झऱ्याकाठची माती पाण्यात कालवायच्या, गाळ खाली बसू द्यायच्या आणि वरचे खारे पाणी कालवणात ओतायच्या. पोरांच्या तोंडाला तीच चव लागलेली.

डोंगरातल्या जमातींची सभा तेरुकांच्या गावी भरे. शेकोटीभोवती प्रत्येक जमातीचा बसायचा दगड होता. रिमखोंचा नव्हता. "ते आमचेच आहेत, त्यांच्या वतीनं आम्ही बोलू," असे तेरुक म्हणायचे, आणि बोलायचेही. सभेच्या जेवणात मीठ घालायला तेवढी एक रिमखो बाई बोलावत. मिठाबद्दल कुणी विचारले तर तिने उत्तर द्यायचे, एरवी तोंड उघडायचे नाही. उघडलेच, तर सगळ्या थेमाने डोंगर सोडायचा असा दंडक होता.

एका वर्षी ते काम मेलिनोकडे आले. लहानपणापासून झऱ्यावर पाणी उकळणारी बाई, हात भेगाळलेले, स्वभाव मुखदुर्बळ. मीठ घालावे आणि घरी जावे, एवढेच मनात धरून ती आली होती. तेवढ्यात तेरुकांचा सरदार खोरांग उभा राहिला. झरा आमच्या पूर्वजांचा आहे, म्हणाला, रिमखोंनी आता नदीकाठी उतरावे. नदीकाठी हिवतापाने माणसे मरत, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

खोरांग मातीची शपथ घ्यायला तयार होता. नागांत याहून कडक शपथ नाही असे सांगतात. ज्या जमिनीचा वाद, तिची माती तोंडात घेऊन बोलायचे. खोटे बोलला तर वर्षाच्या आत त्याचे घर बसते. त्याने पानात बांधून आणलेली माती चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाला, "ही माती माझ्या बापजाद्यांची." उरलेली माती रिवाजाप्रमाणे चुलीशी ठेवली गेली, मेलिनोच्या पायाजवळ.

तिने पाहिले. माती तांबडी, भुसभुशीत. झऱ्याची माती राखाडी आणि चिकट, वाळली की तिच्यावर पांढरा थर धरतो. खोरांगने आपल्याच शेतातली माती आणली होती. शपथ खरी, दावा खोटा. मेलिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुणी विचारले नव्हते, आणि तिच्या एका शब्दावर सारे गाव टांगलेले होते.

तिने मिठाची वडी कमरेलाच राहू दिली. पानातली थोडी माती भांड्यात घेतली, पाण्यात कालवली, गाळ बसायची वाट पाहिली आणि वरचे पाणी सगळ्यांच्या देखत कालवणाच्या हंड्यात ओतले. रिमखो बाई कसे मीठ घालते, इकडे बघणार कोण?

पाने वाढली गेली. पहिला घास घेताना पंचांचे चेहरे बदललेले तिला दिसले. पण यजमानाच्या घरी अन्नाला नावे कशी ठेवायची? एक पाणी प्यायला, दुसरा खाली मान घालून जेवत राहिला. खोरांगला काय वाटले कोण जाणे, तो तिच्याकडे टक लावून बघत होता आणि भराभर गिळत होता. हंडा रिकामा होत चालला. जेवणे उरकली की शपथेची उरलेली माती रिवाजाप्रमाणे पुरायची, सभा उठायची, झरा गेला. मेलिनोला रडू फुटायचे तेवढे राहिले होते.

पलीकडच्या डोंगरावरचे पुशो नावाचे म्हातारे पंच खाण्याचे भारी शौकीन होते. त्यांनी हात थांबवला.

"मीठ घातलंस का गं, बाई?"

"घातलं, बाबा," मेलिनो म्हणाली. "सरदारांनी शपथ घेतली त्याच मातीचं घातलं. आमच्या घरी झऱ्याची माती घातली की कालवण खारट होतं. आज का झालं नाही, ते त्यांना विचारा."

पुशोंनी माणूस धाडून झऱ्याची माती आणवली आणि खोरांगपुढे धरली. आता हिची शपथ घे, म्हणाले. खोरांगने तोंड उघडले नाही. रिमखोंचा झरा रिमखोंकडे राहिला.

सभेने एक नवा नेम केला. यापुढे जेवण अळणी शिजेल, रिमखोंना मीठ विचारले जाईल आणि मीठ देण्याआधी ते जे सांगतील ते ऐकून घेतले जाईल. "दगड मात्र दिला नाही हं," आजोबा हसून सांगतात. "तेवढं मोठं मन कुणाचं झालं नाही."

आजही कागदोपत्री रिमखो तेरुकांतच धरले जातात. आजही थेमात पाहुण्याचे पहिले पान अळणी असते. मागल्या वर्षी रस्त्याची मोजणी करायला साहेब लोक आले होते, त्यांनाही तसेच वाढले. सारा गाव भोवती बसला होता आणि मिठाचे पान आजोबांच्या हातात तयार होते.

"सगळं संपवलं त्यांनी," आजोबा म्हणतात. "जेवण छान होतं म्हणाले. मीठ कुणी मागितलंच नाही. रस्ता झऱ्यावरून जातोय."