तुळईचे दुसरे टोक

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री राहत असे. उभे आयुष्य त्याने घरे बांधण्यात घालवले, आणि म्हातारपणी त्याच्याकडे कामे येऊ लागली ती घरे पाडण्याची! काळाचा महिमा, दुसरे काय. सारे गाव त्याला ‘बाबा’ म्हणे. त्याच्या हाताखाली तयार झालेला एक शिष्य होता. हात चांगला, मन निर्मळ, पण स्वभाव उतावळा. त्या वयात कोण नसतो म्हणा!

त्या वर्षी गावातल्या नरहरशेठांनी आपले जुने घर पाडून तिथे चार मजली इमारत उठवायचे ठरवले. बाबांनी ते काम शिष्याच्या नावाने घेतले. “आता सगळं तू बघायचं. मी नुसता येऊन बसेन,” ते म्हणाले. शिष्याला आकाश ठेंगणे झाले. त्याने पुढे पत्र्याचे कुंपण घातले, वाळू-खडीला जागा केली, पाण्याची टाकी बसवली आणि भावी इमारतीचे रंगीत चित्र असलेला फलक रस्त्याकडे तोंड करून लावला. कौलेही उतरवून झाली. माजघरावर सागाची एक जाडजूड तुळई होती. ती जिथे शेजारच्या भिंतीत शिरत होती, तिथे त्याने खडूने रेघ मारून ठेवली. करवत इथे चालवायची.

त्या भिंतीपलीकडे दिगंबरपंत राहत. ते नरहरशेठांचे सख्खे चुलतभाऊ. पूर्वी दोन्ही मिळून एकच घर होते. वडीलधाऱ्यांच्या वाटणीत मध्ये भिंत आली, आणि पुढे भाऊबंदकी अशी विकोपाला गेली की एकाच्या घरी लग्न निघाले तर दुसऱ्याला ते वाजंत्रीवरून कळावे. बोलणे नाही, चालणे नाही. माणसे शहाणी होती हो दोन्ही. पण भावाशी भांडताना शहाणपण कोण जवळ ठेवतो?

पाडकामाचा दिवस उजाडला. आपल्याकडे रीत अशी, की घराला पहिला घाव घालण्यापूर्वी त्याच्या उंबऱ्यावर नारळ फोडून क्षमा मागायची. नरहरशेठ घरच्यांसह उभे राहिले. वडीलकीचा मान म्हणून नारळ बाबांच्या हाती दिला गेला. बाबा तो घेऊन कुंपणाबाहेर पडले, सावकाश चालत दिगंबरपंतांच्या दारी गेले. त्यांनी पंतांच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि नारळ तिथेच फोडला.

नरहरशेठ लालबुंद झाले. “अरे, तुझ्या गुरूला दिसत नाही की साठी बुद्धी नाठी झाली? सगळ्या गावात ह्याच माणसाचं दार सापडलं?”

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पहिलेच स्वतंत्र काम, आणि सुरुवातीलाच मालक बिथरला! तो धावत बाबांजवळ गेला. “बाबा, आपलं घर ते पलीकडचं. हे नव्हे.”

“ठाऊक आहे रे,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात दिगंबरपंत बाहेर आले. “घर त्याचं पडतंय आणि नारळ माझ्या दारात? अपशकुन करायला धाडलंय का त्यानं? घरात बाळंतीण आहे माझ्या!”

बाबांनी हात जोडले. “पंत, वाटेल तेवढं रागवा. पण आम्हाला आत येऊ द्या. ह्या पोराला एक वस्तू दाखवायची आहे.”

म्हाताऱ्या माणसाला दारातून हाकलावे कसे? पंत नाइलाजाने बाजूला झाले. माजघरात त्यांची बाळंतपणाला आलेली लेक भिंतीला टेकून बसली होती, आणि हाताने पाळण्याला हलकेच झोका देत होती. बाबांनी नुसते वर बोट दाखवले. शिष्याची नजर पाळण्याच्या दोरीवरून चढत गेली. दोरी कडीला होती. कडी तुळईत ठोकलेली होती. आणि तुळई सरळ जाऊन मधल्या भिंतीत शिरली होती.

भिंतीपलीकडे खडूची रेघ कुठे आहे, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

“एकच लाकूड आहे हे,” बाबा म्हणाले. “वाटणी झाली तेव्हा ह्यांनी भिंत घातली, पण तुळई कोण कापणार? छप्पर दोघांनाही हवं होतं. ही भिंत म्हणजे नुसता आडोसा, तिच्यावर भार नाही. भार सगळा दोन टोकांवर. एक टोक इथे, दुसरं नरहरशेठांकडे. बाळा, बांधताना माणसानं आपला पाया बघावा, पण पाडताना आधी शेजाऱ्याचं छप्पर बघावं. आपल्या मालकीच्या वस्तूवर आपल्याला न विचारता कोण कोण विसावलेलं असतं, त्याचा पत्ता नसतो. क्षमा मागायची ती त्यांची. पडणाऱ्या घराची काय मागायची? ते बिचारं सुटलं.”

शिष्याचे डोळे भरून आले. “हे मला कालच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू समजला असतास. पण इथे, ह्या तुळईखाली, एक भक्कम खांब उभा करायचा आहे. तो ह्यांच्या घरात. त्यासाठी ह्यांचं दार उघडायला हवं होतं.”

दिगंबरपंतांनी लेकीला आणि बाळाला पुढच्या खोलीत नेले आणि परत येऊन स्वतःच कोनाड्यातली भांडी काढू लागले.

खांब बरोबर तुळईखाली येण्यासाठी भिंतीच्या काही विटा काढाव्या लागल्या. शिष्याने पंतांच्या बाजूने हात घातला, हाताखालचा एक गडी नरहरशेठांच्या बाजूने उकरू लागला. हातभर भगदाड पडले. तुळईची हकिकत एव्हाना नरहरशेठांच्या कानी गेली होती. मघाचा राग ओसरला होता. ते आपल्या बाजूने, उघड्या पडलेल्या माजघरात, भगदाडापाशी येऊन वर तुळईकडे बघत उभे राहिले. भिंतीतले वरचे एक ढेकूळ सुटायला आले होते.

“नऱ्या, सरक मागं! डोक्यावर पडेल!” भिंतीपलीकडून दिगंबरपंत ओरडले.

नरहरशेठ झटकन मागे सरले. ढेकूळ पायाशी पडून फुटले. गडी थांबला. धुरळा खाली बसला. मग नरहरशेठांनी भगदाडाशी तोंड नेले.

“दिगू, पोरीला काय झालं रे? मुलगा का मुलगी?”

“मुलगी,” पलीकडून उत्तर आले. “ये की. बघून जा.”

नरहरशेठ कुंपणाच्या वाटेने निघाले. गड्याने विचारले, “खांब लावून घेऊ का?” शिष्य नकारार्थी मान हलवून म्हणाला, “थांब जरा. त्यांना आत जाऊ दे.”

बाबा एव्हाना बाहेर येऊन वाळूच्या ढिगावर टेकले होते. भगदाडातून ते त्यांना ऐकू आले. हे काम आपण ह्याच्या नावाने घेतले ते योग्यच केले, असे त्यांना वाटले.