ज्याचं कुणी बर्फावर नाही

हे सगळं मला बरोबर आठवतंय याची खात्री नाही. ज्यांनी मला सांगितलं ते मातिया झुपान जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांनाही ते त्यांच्या आईकडून कळलेलं. माझ्याकडून त्यात काय गळलं, काय भर पडली, हे मला सांगता येणार नाही. फळी मात्र खरी आहे. ती कुणीही जाऊन पाहावी.

मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, आमच्या छोट्या गावाला लागून एक तळं आहे. त्याच्या पश्चिम काठावर खांब रोवलेला आहे आणि खांबावर दाराएवढी लाकडी फळी आहे. तिची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. पांढरी बाजू गावाकडे असली की पोरं स्केट्स बांधून हॉकी खेळायला उतरतात. काळी असली की कुणी पाऊल टाकत नाही, मग बर्फ कितीही पक्का दिसो. ही फळी गावातलं एकच माणूस फिरवतं, आणि त्याची निवड करताना एकच अट पाहतात. त्याचं स्वतःचं कुणी त्या बर्फावर खेळत असता कामा नये. मूल नाही, नातू नाही, भाचाही नाही.

मी मूळचा वाईचा. लहानपणी बर्फ पाहिला तो रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळलेला. इथल्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला आलो आणि बायको गेल्यावरही इथेच राहिलो. मातिया तेव्हा फळी सांभाळत. एकदा पोस्टात त्यांनी मला गाठलं.

“प्रोफेसर, हॉकी खेळतोस?”

“नाही.”

“मुलं?”

“नाहीत.”

“भाचे, पुतणे?”

“सगळे पुण्यात.”

“पुण्यात तळं गोठतं?”

“छे हो.”

“मग तुझ्याइतका लायक माणूस या गावाला जन्मात मिळणार नाही,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातात बर्फ तपासायची पहार दिली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, मिनिआपोलिसहून ओळखीतलं सबनीस कुटुंब आलं. निनाद, चारुता आणि तेरा वर्षांची रेवती. रेवती गोलकीपर होती, आणि चांगली होती म्हणे. हॉकीसाठी तिला कुठल्या राज्यात शिकायला ठेवावं हे ठरवण्यासाठी निनाद महिनाभर तक्ते करत होता.

“काका, मी सगळं ताडून पाहिलंय,” तो म्हणाला. “मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेतून कॉलेजात सरळ जिना आहे. मिशिगनमध्ये क्लब जोरात, पण नुसता प्रवास. आपल्याकडे मिनेसोटात खेळायला रिंक भरपूर, मुलं आपल्या गावासाठी खेळतात, सगळं छान. पण पुढे काय?”

“याच्या तक्त्यात सगळे रकाने आहेत,” चारुता म्हणाली. “रेवतीला काय वाटतं, तेवढा एक राहिलाय.”

“आई, प्लीज.”

तळ्यावर ऊन पडलं होतं आणि बर्फ एकसंध दिसत होता. मी सकाळीच फळी काळी करून ठेवली होती. निनादने दोन्हींकडे पाहिलं.

“दगडासारखा दिसतोय की. दहा मिनिटं उतरू दे ना तिला. एवढ्या लांब आलोय.”

“नको.”

“नक्की ना, काका?”

नक्की असं मला कधीच काही वाटत नाही. आकड्यांनी त्याला पटवता आलं असतं, पण आकडे त्याच्याकडेच जास्त होते. म्हणून मातियांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं.

फार पूर्वी, म्हणजे खाणीत अजून घोडे होते त्या काळात, हिल्मा साल्मी नावाची एक फिनिश बाई इथे राहत होती. तिचा नवरा हिवाळ्यात तळ्यातून बर्फाच्या लाद्या कापायचा आणि उन्हाळ्यात खाणीत उतरायचा. एका उन्हाळ्यात तो खाणीतून वर आलाच नाही. बर्फाची पारख तिने त्याच्याकडूनच उचललेली. पहार आपटायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर बर्फ जिवंत आहे. बद्द वाजला तर तो आतून सुया सुया होऊन उभा आहे, वरून कितीही जाड असला तरी. गावाने फळी तिच्याकडे सोपवली.

तिला एकच मुलगा होता, आर्वो. सतरा वर्षांचा. त्याच्यासारखा स्केट्सवर पळणारा त्या पट्ट्यात दुसरा नव्हता असं सांगतात. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा सुटली की तळं, आणि तळ्याला भिंत नाही. रबराची चकती जिकडे जाईल तिकडे त्याने जायचं, मैलभर गेली तर मैलभर. आणि ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या पुढच्या सोमवारपासून तो बापाच्याच खाणीत उतरणार होता. खाणीत न्यायच्या त्याच्या दिव्याचा नंबरसुद्धा आला होता.

त्याच हिवाळ्यात पूर्वेकडून, मॅसॅच्युसेट्सहून, एका मोठ्या शाळेचे मास्तर आपल्या मुलांचा संघ घेऊन आगगाडीने निघाले. कोणत्या प्रांतात हॉकीचे खेळाडू अधिक चांगले घडतात हे त्यांना ठरवायचं होतं. मिशिगनच्या तांब्याच्या गावांत ते आधी जाऊन आले. तिथे पैसे मोजून बाहेरून खेळाडू आणतात, असं त्यांनी वहीत लिहिलं म्हणे. मग ते आमच्याकडे आले. गावात बातमी आधीच पोहोचली होती की मास्तर इथला एक मुलगा फुकट शिकवायला घेऊन जाणार आहेत. हिल्माने शेजारणीला सांगितलं, “त्याला कुणी नेलं तर मी या तळ्याला आयुष्यभर काही मागणार नाही.”

पण गाड्या अडकल्या, आणि मास्तर पोहोचले तेव्हा मार्चची एकोणीस तारीख उजाडली होती. ते संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते.

सकाळी हिल्मा पहार घेऊन तळ्यावर फिरली. पश्चिमेला आवाज बरा होता. पूर्वेला तिने तीनदा पहार आपटली आणि तिन्ही वेळा ती बद्द वाजली. परत आली तेव्हा सगळं गाव काठावर उभं होतं. मास्तर म्हणाले, “बाई, आमच्याकडे छताखाली बर्फ असतो, तो असला तर असतो. इथे तो वाजवून बघावा लागतो होय?” लोक हसले.

आर्वोने विचारलं, “आई, कसा आहे?”

ती बराच वेळ फळीला हात लावून उभी राहिली, असं सांगतात. मग तिने फावड्याने तळ्यावर आडवा बर्फाचा एक वरंबा ओढला आणि म्हणाली, “याच्या अलीकडे खेळा.” आणि तिने फळी पांढरी केली.

खेळ अटीतटीचा झाला. पूर्वेची मुलं ओळीत खेळत, एकमेकांना चकती देत. आमची पोरं वाऱ्यासारखी कुठूनही येत. शेवटी बरोबरी असताना एक फटका जोरात गेला आणि चकती वरंबा ओलांडून पूर्वेला घसरत गेली. तिच्यामागे दोघे धावले, मास्तरांचा एक मुलगा आणि आर्वो. मास्तरांचा मुलगा वरंब्यापाशी आला आणि थांबला. जन्मभर तो चार भिंतींच्या रिंकमध्ये खेळला होता. कड आली की थांबायचं, हे त्याच्या पायांना माहीत होतं. आर्वोच्या पायांना असलं काही माहीत नव्हतं. हिल्माने हाक मारली. त्याने ऐकली की नाही, कुणी सांगू शकत नाही. मातियांची आई तिथे होती. ती म्हणायची की मोडल्याचा आवाज झालाच नाही. तो होता, आणि मग नुसती चकती होती.

तो सापडला नाही. तीन आठवड्यांनी तळं मोकळं झालं, तेव्हाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात गाव फळीचं काय करायचं म्हणून चर्चच्या तळघरात जमलं. हिल्मा उठली. “मी बद्द ऐकलं होतं,” ती म्हणाली. “मला खणखणीत ऐकायचं होतं, म्हणून मी रेघ ओढली. यापुढे ज्याचं कुणी बर्फावर नाही, त्यानेच फळी फिरवावी.” मग एक म्हातारा हळूच म्हणाला, “हिल्मा, तसं माणूस या गावात आता तूच आहेस.”

तिने एकतीस हिवाळे फळी फिरवली. एकदाही चुकली नाही, असं सांगतात.

मी थांबलो तेव्हा रेवती बर्फाकडे पाहत होती.

“आणि आता? इथे काही होतं का?”

खरं तर हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिने विचारलं म्हणून सांगितलं. मार्चच्या मध्यावर, सकाळी वारा पडलेला असताना, बर्फाला कान लावला तर खालून स्केटच्या पात्याचा आवाज येतो म्हणतात. पूर्वेकडून येतो, वेगात येतो, आणि काठापासून दहा-बारा हातांवर थांबतो.

“तुम्ही ऐकलाय?”

“माझ्या कानांचा भरवसा नाही गं,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. तापायला लागलेला बर्फ तडकतो, ताणतो, त्यातून नाना आवाज येतात, आणि हे मी वर्गात शिकवलेलं आहे. पण तडकणारा बर्फ कुठेही तडकतो. हा आवाज दर वर्षी माझ्याकडेच येतो, आणि मी उठून उभा राहीपर्यंत थांबून राहतो.

निनादने फोन खिशात टाकला. “चल,” तो रेवतीला म्हणाला. “काकांकडे चहा घेऊ.” तिने मात्र जाण्याआधी गुडघे टेकून काठावरच कान लावला. चारुताने तिला दंडाला धरून उठवलं, जरा जास्तच जोरात.

आजही फळी तिथेच आहे आणि अटही तीच आहे. मी आता शहाऐंशी वर्षांचा आहे आणि माझ्यानंतर कोण, हा गावाला प्रश्न आहे, कारण इथे ज्याचं कुणी खेळत नाही असं घर सापडणं कठीण. ऑक्टोबरपासूनच माझी झोप उडते. पहार वाजते ती खणखणीत वाजते, की मला तशी ऐकू येते, हे मी कुणाला विचारणार?

सबनीस येऊन गेल्यावर सहा वर्षांनी एका परिषदेसाठी मी पूर्वेला गेलो होतो. एक दिवस मोकळा होता. मास्तरांची ती शाळा अजून आहे. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला जुनी प्रवेशाची वही काढून दिली आणि खुर्ची खिडकीपाशी सरकवून दिली. मी आर्वोचं नाव असेल अशी अपेक्षाच केली नव्हती. ते होतं. जानेवारीत मिनेसोटातल्या डुलुथच्या सामन्यात शाळेच्या माणसाने खेळ पाहिल्यावरून निवड, राहण्या-जेवणासह, असा शेरा मास्तरांच्या सहीने होता. मी चष्मा पुसून तारीख दोनदा वाचली आणि ग्रंथपाल बाईंकडूनही वाचून घेतली. चार मार्च, म्हणजे तळ्यावरच्या त्या खेळाच्या पंधरा दिवस आधीची.