तळाची पायरी

"ती रोज येते, पुस्तक समोर ठेवते... मग उघडत का नाही?"

मी हा प्रश्न विचारला, तेव्हा धोटे एका जुन्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण, बाई?"

"पंचफुला नेहारे. सातवी ब."

"हं," ते म्हणाले, आणि खळीचा ब्रश पुन्हा वाटीत बुडवला.

विठोबा धोटे आमच्या कन्याशाळेचे ग्रंथपाल होते. वर्धा नदीकाठच्या त्या गावात त्यांनी आधी वीस वर्षे वह्यापुस्तकांची बांधणी केली होती. शिक्षण सातवीपर्यंत. मी एम. ए., बी. एड.; मराठीची अध्यापिका; वय एकोणतीस. मुली त्यांना धोटेकाका म्हणत, इतर शिक्षक धोटेजी म्हणत. मी नुसते 'धोटे' म्हणत असे. पदाच्या मानाने तेवढे पुरेसे आहे, असे मला वाटे.

त्या वर्षी नागपूरच्या शिबिरातून मी एक उपक्रम शिकून आले होते. वाचनाची शिडी. ग्रंथालयाच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत कागदाची शिडी चिकटवायची, तीस पायऱ्यांची. प्रत्येक मुलीच्या नावाची एक चिठ्ठी. पुस्तक वाचून अर्ध्या पानाचा सारांश लिहिला की चिठ्ठी एक पायरी वर. पुस्तक सात दिवसांत परत करायचे. त्यावर डाग पडता कामा नये. वर्षअखेर जी सर्वांत वर, तिचा सत्कार.

धोट्यांनी काही विचारले नव्हते. मी कात्री मागितली, त्यांनी दिली. मी खळ मागितली, त्यांनी ती शिजवून आणली.

उपक्रम अतिशय यशस्वी झाला, असे मी मुख्याध्यापिकांना लिहून कळवले. मधल्या सुट्टीत ग्रंथालयापुढे रांग लागे. हेमलता डफरे चार महिन्यांत सत्ताविसाव्या पायरीवर पोहोचली. सारांश मी स्वतः तपासत असे. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सोडत नसे.

पंचफुला मात्र पहिल्याच पायरीवर राहिली. तिने एक जाड पुस्तक नेले होते. ते ती परत करी आणि त्याच क्षणी पुन्हा आपल्या नावावर लिहवून घेई. मुली तिला 'तळाची पंचफुला' म्हणू लागल्या. मी त्यांना अडवले नाही. टोचल्याने पाय उचलेल, असा माझा समज होता.

तिच्या आईची मिरची-हळद कांडण्याची गिरणी होती. एकदा ते पुस्तक माझ्या हाती आले, तेव्हा त्याच्या पानांत तिखट सांडलेले दिसले. मी भर वर्गात ते उचलून दाखवले आणि म्हणाले, "चार महिन्यांत एक पुस्तक, आणि तेही फोडणीला घातलेले."

वर्ग पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक परत केले. नंतर तिने दुसरे नेले नाही. मी तिच्या घरी जाऊन आले. आईला समज दिली. त्यामुळे ती ग्रंथालयात येऊ लागली. मी पुढ्यात ठेवलेल्या पुस्तकासमोर दोन्ही हात मांडीवर घेऊन बसू लागली. तास संपला की उठून जाई. असे तीन आठवडे चालले होते.

म्हणून तो प्रश्न.

"तुम्ही तिला काय सांगितले?" धोट्यांनी विचारले.

"वाच, असे सांगितले."

"आणखी?"

"आणखी काय सांगायचे असते?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि कपाटातून दोन पुस्तके आणली. एक पातळ, पक्ष्यांवरचे, कोरे करकरीत. दुसरे ते जाड.

पातळ पुस्तक त्यांनी माझ्यापुढे सरकवले.

"अठरावे पान काढा, बाई."

मी सोळावे काढले, सतरावे काढले. अठरावे निघेना. पान बाहेरच्या कडेला पुढच्या पानाशी जोडलेले होते. मी नखाने सोडवू लागले, तेव्हा त्यांनी हळूच सांगितले, की छापखान्यात कागदाची घडी कापायची राहून जाते कधीकधी. तशीच ही राहिली आहे. आतली दोन पाने अजून कोणाला दिसलेली नाहीत.

"पण हे पुस्तक अकरा मुलींनी वाचले आहे," मी म्हणाले.

"होय. आणि अकराही सारांश तुम्ही तपासलेत."

ते टोमणा मारत नव्हते. मारला असता, तर मला उत्तर देता आले असते.

मला ते सारांश आठवू लागले. सर्वांचा आरंभ एकसारखा होता. तो मलपृष्ठावरचा मजकूर होता, हे मला तेव्हाही कळायला हवे होते. पण मी वेलांट्या पाहत होते.

"तुम्हांला हे केव्हापासून ठाऊक आहे, धोटे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कात्री मागितली होती, बाई. मत नव्हते मागितले."

खिडकीबाहेर मैदानावर लंगडीचा डाव रंगला होता.

मग त्यांनी जाड पुस्तक माझ्या हाती दिले. ते अंगावर निजलेल्या मुलासारखे सैल पडले. याची पाठ मी यंदा दोनदा शिवली, असे ते म्हणाले. मी पान उलटले आणि मला सणसणीत शिंक आली. पुन्हा एक आली. धोट्यांच्या मिशीत हसू हलल्याचे मी पाहिले.

"हे तुम्ही वाचले आहे?" त्यांनी विचारले.

"मला माहीत आहे हे पुस्तक. एका दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट आहे."

"वाचले आहे?"

"नाही."

त्यांनी देवघेवीची वही उघडली. टाक शाईत बुडवून माझे नाव लिहिले, पुस्तकाचा क्रमांक लिहिला. परतीच्या रकान्याशी हात थांबला.

"सात दिवस," मी म्हणाले. नियम माझाच होता.

त्यांनी तो रकाना कोरा ठेवला आणि वही मिटली.

मला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ काही दिले. त्या कोऱ्या रकान्याएवढे मोठे काही कोणी दिल्याचे आठवत नाही. पण हे आज म्हणते आहे. त्या दिवशी मला राग आला होता.

पहिली साठ पाने मी हातात पेन्सिल घेऊन वाचली. मुद्रणाच्या दोन चुका सापडल्या. मी त्यांवर खुणा केल्या. तिसरी चूक असेलच. पण तोवर पेन्सिल कुठे ठेवली ते मला आठवेना. समुद्र मी तोवर एकदाच, सहलीत पाहिला होता. पंचफुलाने तर पाहिलेलाच नव्हता. त्या राखणदाराचा धाकटा भाऊ वादळात होडी घेऊन जातो, आणि राखणदार त्याच्या शोधात दिवा तसाच तेवत ठेवून दुसरी होडी पाण्यात लोटतो. ते एकशे चाळिसावे पान. त्याच्या समासात बोटाचा एक ठसा होता, तिखटाचा, लालसर. ती इथे थांबली असणार. थांबून तिने त्या जागी बोट धरून ठेवले असणार.

त्या वेळी मला वर्गावर जायचे होते. मी गेले. व्याकरणाचा तास घेतला. पण तो म्हातारा राखणदार डोळ्यांपुढून हलेना. मधली सुट्टी होताच मी सातवी ब च्या दारात जाऊन उभी राहिले.

पंचफुला डबा खात होती. मला पाहून ती उभी राहिली आणि हात पाठीमागे नेले.

"पंचफुला, तो परत येतो का ग?"

"कोण, बाई?"

"राखणदार. होडी घेऊन गेलेला."

तिने माझ्याकडे पाहिले. वर्गातल्या मुली घास हातात घेऊन थांबल्या...

"कुठवर आल्या तुमी?"

"एकशे चाळीस."

ती विचारात पडली. मला काय द्यावे आणि काय देऊ नये, हे ती ठरवत होती. अगदी जबाबदार माणसासारखी.

"नाही सांगत मी," ती म्हणाली. "तुमीच वाचा न, बाई."

विद्यार्थिनीने मला नकार देण्याची ती पहिली वेळ होती. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मला हसू आले. इतके आले, की दाराला टेकावे लागले. मग पंचफुलाही हसली. तीन आठवड्यांनी.

दुसऱ्या दिवशी ती कोणी न बोलावता ग्रंथालयात आली. माझ्या पुस्तकातली खूण किती पुढे सरकली ते तिने डोकावून पाहिले, "लई हळू वाचता तुमी," असा शेरा दिला आणि गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली. मी रोज तिच्यासाठी थोडे अधिक वाचू लागले. नंतर कोणासाठी वाचते आहे, हेही मनात राहिले नाही.

नवव्या दिवशी पुस्तक संपले. मी ते मिटून मांडीवर ठेवले होते, तेव्हा ती आली.

"झालं?"

"झाले."

"रडल्या का?"

"...थोडीशी."

तिने समजूतदारपणे मान हलवली. मी तिला समोर बसवले. फोडणीचे जे बोलले होते, ते चुकीचे होते, असे सांगितले. आणि ज्या वर्गात ते बोलले, त्या वर्गातही हेच सांगेन, असे कबूल केले. ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढू लागली. मग मी विचारले, की एका पुस्तकाला चार महिने का लागले?

"मी ते चारदा वाचलं, बाई. मले दर खेपेले वाटते, या वेळी तो होडी पाण्यात लोटणार नाही."

'मले' नव्हे, 'मला', असे मी म्हटले नाही.

ती उठली. कपाटापाशी गेली, बराच वेळ बोट फिरवत राहिली आणि तिने एक पुस्तक ओढले. खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसली. मी आणि धोटे, दोघांनीही तिकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळले. पान उलटल्याचा आवाज आला. काही वेळाने आणखी एक.

दुसऱ्या दिवशी मी सातवी ब मध्ये जाऊन माझा शब्द पाळला. त्याला दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांची तयारी मी रात्रभर केली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात थांबले. मुली गेल्या होत्या. मी स्टूल ओढले आणि शिडीच्या वरच्या टोकाशी हात नेला. खळ पक्की होती, कागद निघेना.

"गुरुजी, थोडे पाणी द्याल का? ही शिडी उतरवायची आहे."

तो शब्द कसा तोंडून गेला, ते मला कळले नाही. त्यांना कळले असावे. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले.

"कशाला उतरवता?"

"माझी चूक झाली. ही मुलींना पुस्तकांपासून दूर नेते. मी त्यांना नुसते वर-वर चढवत होते."

त्यांनी पुस्तकांवर क्रमांक घालायच्या निळ्या शाईची दौत उचलली. खळीचा ब्रश पाण्यात स्वच्छ धुतला. गुडघ्यावर हात देत भिंतीपाशी उकिडवे बसले. सर्वांत खालच्या पायरीवर एकच चिठ्ठी होती, पंचफुलाची. तिच्या किंचित खाली त्यांनी ब्रश टेकवला आणि भिंतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक निळी, नागमोडी रेघ ओढली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी.

मी स्टुलावरून खाली उतरले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. तिथून शिडी निराळीच दिसत होती.

त्यांनी ब्रश झटकला. शाईचा एक थेंब माझ्या पदरावर पडला. तो डाग मी आजपर्यंत जाऊ दिलेला नाही.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "विहिरीलाही शिडीच असते."