केसरचे डोळे आणि निळा माळ

या, टेका डोकी. गोष्ट एकच सांगणार. मध्ये कुणी बडबड केली तर तीही अर्ध्यावर सोडून देईन, बरं का.

एक होता राजा. भानोजी त्याचं नाव. राज्य बेताचंच. चार गावं, दोन ओढे आणि एक थोरला माळ. माळावर माती थोडी आणि मुरूम फार. तिथे ज्वारी येईना की बाजरी येईना. पण विष्णुक्रांता मात्र यायची. ती कशी असते ठाऊक आहे? भुईला चिकटून पसरते. वर उठायचं नावच नाही. आणि अंगभर निळी फुलं, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. तिला कुणी लावलं नव्हतं, कुणी कधी पाणी घातलं नव्हतं. उन्हाने वरच्या काड्या वाळायच्या, पण मूळ खाली खोल जिवंत असायचं. पुन्हा फुटायचं. बारा महिने माळावर कुठे ना कुठे फूल असायचंच.

तर या राजाला मुलगी झाली. गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस. म्हणजे डोळे नीटसच असणार, पण ते उघडतील तर ना! एक दिवस झाला, दोन झाले, बारा दिवस झाले. बारसं आलं तरी पोरीने डोळे उघडले नाहीत. मग राजा तिला कुशीत घेऊन माळावर गेला. तिथे माळाईचं ठाणं होतं. ठाणं कसलं, शेंदूर लावलेला एक दगड. राजाने पोरीला त्या दगडापुढे भुईवर ठेवलं आणि हात जोडले.

मग काय झालं, पोरीच्या गालाखाली विष्णुक्रांतेचं फूल आलं. आणि पोरीने टक्क डोळे उघडले! दगडातून आवाज आला, "राजा, माझ्या माळावर हे फूल फुलतंय तोवर तुझ्या लेकीला दिसेल. फूल गेलं की दिसायचं गेलं."

राजाला आनंद झाला आणि तेवढ्यातच धडकीही भरली. दोन्ही एकदमच. आईबापांचं असंच असतं, तुम्हाला आत्ता नाही कळायचं.

मुलीचं नाव ठेवलं केसर. केसर मोठी झाली, दहा-अकरा वर्षांची झाली. नजर अशी तिखट की ओढ्यापलीकडच्या बाभळीवरचा सुगरणीचा खोपा इकडून दाखवायची. सगळं ठीक चाललेलं. पण राजाच्या जिवाला चैन नाही. रोज उठून माळाकडे बघायचा.

त्या माळावर जेठात धनगरांची मेंढरं यायची. पावसाळाभर चरायची आणि दिवाळी झाली की कोकणात उतरायची. त्यातला एक मोठा कळप होता धुरपा धनगरणीचा. बाई काळीसावळी, कपाळाला भंडारा, तोंडाने फटकळ. एकदा राजाने काय पाहिलं, तिच्या मेंढीने खूर ठेवला तो नेमका फुलावर! 

मग राजाने पहिला हुकूम काढला. माळाला काटेरी कुंपण घाला. मेंढरू आत येता कामा नये, माणसाचा पायही पडता कामा नये.

धुरपा म्हणाली, "महाराज, मेंढरं हाकलू नगा. गवत माजंल."

राजा म्हणाला, "गवताचं मला सांगू नकोस. माझ्या लेकीचे डोळे आहेत तिथे."

धुरपा काय करते बिचारी? मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडे गेली. कुंपण झालं. वर्ष गेलं. खायला कुणी नाही म्हटल्यावर गवत गुडघ्याएवढं झालं. आणि गवताच्या सावलीत बसलेली विष्णुक्रांता, तिला ऊन कुठून मिळणार? फुलं निम्मी झाली. एक दिवस केसर म्हणाली, "आबा, तो लांबचा डोंगर कुठे गेला?"

डोंगर कुठे जातोय!  राजाला वाटलं, आपलं करणं कमी पडलं. मग दुसरा हुकूम निघाला. माळावर शेणखत टाका, ओढ्याचं पाणी पाट काढून माळावर फिरवा. गाड्याच्या गाड्या खत पडलं. पाणी झुळझुळ वाहिलं. गवताने तर दिवाळीच केली! गवत झालं कमरेएवढं. विष्णुक्रांतेला असलं खाणं मुळी सोसतच नाही. तिला उपाशी ठेवा, उन्हात ठेवा, ती खूश. जेवायला बसवलं की मरते. वर्ष सरता सरता फुलं राहिली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि केसरला आता माणसांचे चेहरे दिसेनात. आवाजावरून ओळखायची. "आई का गं?" म्हणायची, आणि राणी तोंडात पदर कोंबून रडायची.

मग तिसरा हुकूम. ऐका, हा तर सगळ्यात शहाणा! राजा म्हणाला, माळावर भरवसाच नको. फूल वाड्यात आणा. तुळशीवृंदावनासारखं वृंदावन बांधा, त्यात काळी माती भरा, विष्णुक्रांता लावा आणि तिची पूजा करा. मग माणसं गेली आणि विष्णुक्रांता खणायला लागली. तिचं मूळ मुरमात हे एवढं खोल. ते कसलं निघतंय! कटाकट तुटलं. अर्धी-मुर्धी मुळं आणून वृंदावनात लावली. आणि मग गावातल्या झाडून सगळ्या बायका न्हाऊन-धुऊन यायच्या, प्रत्येकीने एकेक तांब्या पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं, प्रदक्षिणा घालायची. तुळशीला चालतं ते हिलाही चालणार, असंच सगळ्यांना वाटलं. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं हो. पण दीडशे तांबे पाणी रोज! आठ दिवसांत मुळं कुजून वास मारायला लागली.

आता केसरला आपला तळहात नाकाशी धरला तरच दिसायचा. एवढंच. बाकी सगळं धुकं.

मग जेठ आला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. धुरपा दरवर्षी यायची, कुंपणापाशी उभी राहायची, शिपाई हाकलायचे, ती शिव्या घालत परत जायची. यंदा केसरने घंटा ऐकल्या. काठी टेकत, चाचपडत कुंपणाच्या फाटकाशी आली.

"धुरपाकाकी, माळ कसा आहे गं?"

"माळ कुठला? कमरंएवढं गवत हाय नुसतं."

"आणि फूल?"

धुरपाने कुंपणावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एक हाय. पर भुईला नाही. उजेड शोधत काडीगत वर चढलंय. गवतात गवत झालंय."

"मेंढरं आत घातली तर?"

"गवत खातील. पर त्ये फूलबी जाईल त्यांच्या तोंडात. खोटं कशाला बोलू, पोरी?"

"मग?"

"मुळं ऱ्हातील. लई खोल असत्यात ती. गवत गेलं, ऊन लागलं, की फुटतील. पर कवा फुटतील आन् फुटतील का न्हाई, त्ये माझ्या हातात न्हाई."

 केसरला भीती वाटली, खूप भीती वाटली. रडलीसुद्धा. मेंढरं बाहेर ठेवली तर ते एक फूल महिन्या-दोन महिन्यांत गवताखाली मरणार, आणि मूळही मरणार. आत घातली तर डोळे आजच जाणार. परत येतील? कोण सांगणार!

मग ती वाड्यात गेली. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी नाकाला नाक लावून पाहिला. मग राजाकडे गेली आणि त्याचाही चेहरा तसाच पाहिला. म्हणाली, "आबा, मिशी पांढरी झाली हो तुमची." राजाला काही उमगलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केसरने जाऊन कुंपणाचं फाटक सताड उघडलं.

मेंढरं घुसली. एक नाही, दोन नाही, तीनशे मेंढरं. चरचर गवत कापलं जायला लागलं. शिपायांनी बोंब ठोकली, राजा धावत आला, पण माळावर पाय ठेवायचं त्याला धाडस होईना. फाटकातूनच ओरडला, "केसर, काय केलंस हे!"

"आबा, डोळे माझे आहेत. मी ठरवलं."

सूर्य माथ्यावर आला आणि कुठल्याशा मेंढीने गवताबरोबर ते फूलही ओढलं. तिला काय कळतंय! त्याच क्षणी केसरच्या डोळ्यांपुढे काळोख झाला. राजाने पाहिलं, पोर हात पुढे करून चाचपडतेय. त्याने सर्रकन तलवार उपसली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या धुरपावर धावला. पण केसर त्याच्या पावलांच्या आवाजावरून मध्ये येऊन उभी राहिली.

"आबा, तलवार कुठे आहे मला दिसत नाही. मी मध्ये आहे, एवढं ध्यानात ठेवा."

राजाच्या हातातून तलवार गळाली. मग तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.  धुरपाने त्याला पाणी प्यायला दिलं. मग म्हणाली, "आता ह्याला खत नगं, पाणी नगं, पूजा नगं. मेंढरं फिरू द्या, माणसं चालू द्या. बास."

राजाने पाट बुजवले. मेंढरं चरत राहिली. केसर रोज माळावर जायची. एका म्हाताऱ्या मेंढीची लोकर मुठीत धरून अनवाणी हिंडायची. आषाढ गेला, काही नाही. श्रावण गेला, काही नाही. गावातली माणसं म्हणायला लागली, राजाने पोरीला फुकट आंधळी होऊ दिली. राजा ऐकून घ्यायचा. रोज येऊन फाटकाबाहेर उभा राहायचा. अजूनही त्याचा पाय माळावर पडत नव्हता.

मग भाद्रपदातली एक सकाळ. केसर माळाच्या मध्यावर होती. तिला आधी नुसता उजेड दिसला. मग मेंढीचा कान दिसला. मग भुईवर मेंढरांच्या खुरांचे ठसे दिसले, आणि ठशाठशाच्या कडेने भुईला चिकटून आलेली निळी फुलं. एक, दोन, वीस, शंभर! मोजवेनात.

"आबा! दिसतंय! आबा, मला दिसतंय!"

राजा सगळं विसरला आणि फाटकातून आत धावत सुटला. दहा-वीस पावलं गेला आणि खाली पाहतो तर काय, पायाखाली सगळीकडे फुलंच फुलं. तो जिथल्या तिथे थांबला. एक पाय भुईवर, एक पाय वर. एवढा मोठा राजा, बगळ्यासारखा एका पायावर उभा! ना पुढे येता येतंय, ना मागे जाता येतंय. धुरपा पदराआड हसत होती.

केसरने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन वर्षांनी पाहत होती ती त्याला असं लांबून. "आबा, पाय टेकवा."

"अगं, खाली फूल आहे."

"असू दे. त्याला काही होत नाही. या ना माझ्याकडे."

राजाने डोळे मिटले आणि पाय टेकवला. मग दुसरा टेकवला. मग चालत चालत गेला आणि लेकीला पोटाशी धरलं.

झालं. पुढे कुंपणाचं लाकूड धुरपाच्या चुलीत गेलं, राणीच्या हातचा गूळभात सगळ्यांनी खाल्ला, केसरने पुन्हा डोंगर पाहिला, आणि ती सगळी माणसं सुखाने नांदली. तुम्हीही निजा आता. पांघरूण पायांवर ओढ गं, थंडी आहे.